पोकळ तुळईचा पूल

ड्रॉइंग पेपरची एक लांब, चौकोनी, पोकळ नळी चिकटवून तयार करा. ती दोन विटांवर आडवी ठेवा, मधोमध रुंद कापडी पट्टीने डबा टांगा आणि त्यात थोडी थोडी वाळू घालत जा. नळी आधी कुठे मोडेल, असे विद्यार्थ्यांना विचारा. ‘खालून फाटेल’ असे पुष्कळ जण म्हणतील. पण सुरकुती सहसा वरच्या बाजूला पडते!

१८४५ साली लंडनमधील मिलवॉल येथे विल्यम फेअरबर्न यांना हेच दिसले. वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन यांना रेल्वेचा पूल बांधायचा होता. उंच शिडांच्या जहाजांना वाट हवी म्हणून कमान नामंजूर झाली होती आणि झुलता पूल गाडीखाली हेलकावे खातो. तेव्हा घडीव लोखंडाच्या पत्र्यांची अजस्र नळी करून गाडी तिच्या आतूनच न्यावी, अशी कल्पना निघाली. मधले दोन गाळे होते प्रत्येकी ४६० फुटांचे.

वाकलेल्या तुळईचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, हे गणित तेव्हा ठाऊक होते. पण पातळ पत्रा चिरडण्याआधीच दुमडतो. तो केव्हा दुमडेल, हे सांगणारा सिद्धांत ब्रायन यांनी मांडला तो १८९१ च्या सुमारास. तोवर थांबणार कोण? फेअरबर्न यांनी गोल, लंबगोल, चौकोनी नळ्या मोडून पाहिल्या. चौकोनी सरस ठरली. वरची बाजू दुमडू नये म्हणून तिथे पत्र्याचे कप्पे केले.

गणिती ईटन हॉजकिन्सन या आकड्यांतून नियम शोधत होते. लहान नळीवरून मोठीचे बळ सरळ पटीने काढता येत नाही, म्हणून आधाराला साखळ्या असाव्यात, असे त्यांचे मत. फेअरबर्न म्हणत, गरज नाही. अखेर एक-षष्ठांश मापाची, ७५ फूट गाळ्याची प्रतिकृती केली. ती मोडली, जिथे मोडली तिथेच मजबूत केली, पुन्हा मोडली. वजन थोडेच वाढले, पण बळ दुपटीहून अधिक झाले. या चाचण्यांनंतर लगेच, मे १८४७ मध्ये, स्टीफन्सन यांचाच डी नदीवरचा ओतीव लोखंडाचा पूल गाडीखाली कोसळला आणि पाच जण दगावले. मेनाईवर काय पणाला लागले होते, हे यावरून कळावे.

सिद्धांतही पुढे उपयोगी पडला. नळ्या टोकाला टोक जोडून सलग केल्या तर गाळ्याच्या मध्यावरचा ताण कमी होतो. म्हणून सांधताना एका नळीचे दूरचे टोक मोजून वर उचलून धरले होते.

पूल मार्च १८५० मध्ये सुरू झाला. मनोऱ्यांत साखळ्यांसाठी ठेवलेली भोके रिकामीच राहिली. १९७० च्या आगीत नळ्या वाकल्या. आता तिथे पोलादी कमान आहे, कारण उंच शिडांची जहाजे उरली नाहीत.