पायांतील मुंग्या व बधिरता

शेतकऱ्याचें लक्ष दुखण्याकडे जातें, न दुखण्याकडे जात नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तें न दुखणेंच होय.

मी महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां माझ्या दोन्ही पायांच्या बोटांस रात्रीं मुंग्या येऊं लागल्या. दिवसभर एका जागीं बसून लिहिण्याचा हा परिणाम असावा, असें समजून मी तेल चोळीत राहिलों. कांहीं वर्षांनीं मुंग्या थांबल्या, तेव्हां दुखणें गेलें असें वाटून समाधान झालें. वस्तुतः बोटें बधिर झाल्यामुळें त्या थांबल्या होत्या. अर्ज येणें बंद झालें म्हणजे प्रकरण निकालीं निघालें असें नव्हे, हें जन्मभर दप्तर सांभाळूनही मला उमगलें नाहीं. सेवानिवृत्तीनंतर एके दिवशीं मी मळ्यांतून घरीं आलों, तों ओसरीवर रक्ताचे ठसे उमटलेले पत्नीनें पाहिले. बाभळीचा काटा वहाणेंतून आरपार जाऊन तळव्यांत रुतला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. जखम चिघळून डाव्या पायाचें एक बोट काढावें लागलें. मला मधुमेह असल्याचें त्याच वेळीं रक्ताच्या तपासणींत निघालें.

पाठीच्या कण्यापासून निघून हातापायांच्या टोकांपर्यंत ज्या बारीक दोऱ्या जातात, त्यांस मज्जातंतु म्हणतात. स्पर्श, उष्णता व वेदना यांची वार्ता ते वर नेतात, आणि स्नायूंस हालचालीची आज्ञा खालीं आणतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा तंतु सुमारे १ मीटर लांब असतो. कालव्याच्या शेवटीं ज्यांची जमीन आहे त्यांस पुढील गोष्ट सहज कळेल. पाटास पाणी कमी पडलें, कीं पहिली तूट शेवटच्या वाफ्यास जाणवते. तद्वत् मधुमेहानें तंतूंचें पोषण बिघडलें, कीं सर्वांत लांब तंतु प्रथम खचतात. म्हणून ही बधिरता दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन पायमोज्याप्रमाणें वर चढते.

बधिरता कोठें आहे, यावरून कारणाचा माग लागतो. अंगठा व त्याच्या शेजारचीं दोन बोटें रात्रीं बधिर होऊन जाग येत असेल, तर तंतु मनगटांत दाबला जात असावा. धारा काढणें, खुरपणें अशा कामांनीं हें वाढतें. करंगळी व तिच्या शेजारचें बोट यांस मुंग्या येत असतील, तर दोष बहुधा कोपरापाशीं असतो. कमरेंतून एकाच पायांत कळ उतरत असेल, तर कण्यापाशीं पाहावें.

अंगावर फिकट वा तांबूस चट्टा असून त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. १८७३ सालीं नॉर्वेंतील हॅन्सेन यांनीं या रोगाचा जंतु शोधला. हें पूर्वजन्मींच्या पापाचें फळ नव्हे. त्याचें औषध सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतें, आणि ६ किंवा १२ महिन्यांच्या उपचारानें रोग बरा होतो. रोग बोटें खातो ही समजूत चुकीची आहे. बधिर बोटांस वारंवार इजा होऊन तीं झिजतात, हें वेल्लोर येथील शस्त्रवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें.

आणखी एक कारण आपल्या घरांतलेंच आहे. ब-१२ हें जीवनसत्त्व धान्यांत वा भाज्यांत नसतें. तें दूध, दही, अंडीं व मांस यांतून मिळतें. सर्व दूध डेअरीस घालून घरीं चहापुरतेंच ठेवणाऱ्या शाकाहारी कुटुंबांनीं याचा विचार करावा. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हें औषध वर्षानुवर्षें घेणाऱ्यांतही हें जीवनसत्त्व घटूं शकतें. तथापि औषध आपल्या मनानें बंद करूं नये, रक्त तपासून घ्यावें. मद्यपानानेंही तंतूंची हानि होते.

दोन प्रसंगीं मात्र घटकाभरही थांबूं नये. एकाएकीं अंगाचा एक भाग बधिर वा लुळा पडला, तोंड वाकडें झालें किंवा बोलणें अडखळलें, तर तो मेंदूचा झटका समजावा. रक्ताची गुठळी विरघळविण्याचें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतात. तसेंच पायांतील अशक्तता दोन-चार दिवसांत वर चढूं लागली, तर तो २०२५ च्या आरंभीं पुण्यांत अनेकांस झालेला जीबीएस विकार असूं शकतो. त्यांत श्वासही अडतो. अशा रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें.

ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनीं रोज सायंकाळीं पाय धुऊन, आरसा खालीं धरून तळवे पाहावे. वहाणा घालण्यापूर्वीं झटकून आंत हात फिरवावा. स्नानाच्या पाण्याची ऊन कोपरानें पाहावी, शेकोटीशीं पाय धरूं नयेत, आणि भोवरी पात्यानें कापूं नये. मधुमेह असणाऱ्यानें वर्षांतून एकदां तरी डॉक्टरांकडून पायांची परीक्षा करवावी. ते १० ग्रॅम भाराचा नायलॉनचा तंतु तळव्यास टेकवून स्पर्श कळतो कीं नाहीं तें पाहतात. त्यांत मुळींच दुखत नाहीं.

तुटलेला तंतु पुन्हां वाढलाच, तर दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो, आणि पुष्कळदां वाढतही नाहीं. यास्तव मुंग्या येत आहेत तोंवरच वैद्यकीय सल्ला घ्यावा, अशी माझी सर्व शेतकरी बंधूंस व भगिनींस विनंती आहे.