टर्बो इंजिनाचा श्वासोच्छ्वास

मोटारीच्या मागून निळसर धूर येऊ लागला की "इंजिन तेल खाते" असे म्हणून आपण पिस्टनच्या कड्यांना दोष देतो. टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनाच्या बाबतीत हा न्याय पुष्कळदा चुकतो. खरी अपराधी एखादी रबरी नळी किंवा लहानशी झडप असू शकते.

सिलिंडरात इंधन जळते तेव्हा तेथील दाब इतका वाढतो की, कड्या कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये निसटतोच. क्रँककेस म्हणजे इंजिनाचे तळघर. तेथे क्रँकशाफ्ट फिरतो व त्याखाली वंगणाचे तेल साठते. या वायूत पाण्याची वाफ, न जळलेले पेट्रोल व काजळी असते. तो कोंडला तर तेलाचा चिखल होतो, आणि दाब वाढला तर तेल सांध्यांतून बाहेर झिरपते. पूर्वी तो उघड्या नळीने रस्त्यावर सोडीत. त्याने हवा दूषित होते हे ध्यानी आल्यावर, १९६१ सालापासून कॅलिफोर्नियातील नव्या मोटारींत तो झडपेतून पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची व्यवस्था आली. साध्या इंजिनास ती पुरते; हवा ओढताना ते हा वायूही ओढून घेते.

टर्बोचार्जर हा व्यवहारच उलटा करतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर त्याचे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते व हवा दाबून इंजिनात कोंबते. गाडी घाट चढू लागली, निसटणारा वायू वाढला, की नेमकी त्याच वेळी ती ओढ नाहीशी होते! झडप नीट मिटली नाही तर दाबलेली हवाच क्रँककेसमध्ये घुसते. टर्बोतील तेल केवळ आपल्या भाराने खाली ओघळत असते. खालून दाब आला की ते अडते आणि चक्राच्या कडेने झिरपून जळते. निळा धूर तो हाच.

म्हणून वायूला दोन वाटा लागतात. इंजिन मंद असता तो झडपेतून जातो. जोर वाढताच झडप मिटते व तो दुसऱ्या, रुंद नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो, कारण तेथे हवा अजून ओढलीच जात असते. वाटेत एक डबी असते. तिच्यातील पडद्यांवर आपटून तेलाचे थेंब वेगळे होतात व परत खाली जातात. ते सिलिंडरात गेले तर पेट्रोलमिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके पडतात.

स्वीडनच्या साब कंपनीने १९९७ साली आणलेल्या '९-५' मोटारीच्या सुरुवातीच्या टर्बो इंजिनांत तेलाचा चिखल होई. तेल शोषणारी जाळी तुंबली की बेअरिंगे कोरडी पडत व इंजिन निकामी होई. कंपनीला या नळ्यांची मांडणी एकदा नव्हे, अनेकदा बदलावी लागली.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. मात्र ती वडीलधाऱ्यांच्या देखत करावी व फिरत्या पट्ट्यांपासून हात दूर ठेवावा. इंजिन मंद चालू असता तेल घालण्याचे झाकण काढून त्या तोंडावर पातळ कागद धरावा. तो हलकेच ओढला गेला तर ठीक. उडू लागला तर टर्बो बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी नळ्या आणि झडप तपासून घ्यावी.