खडक वाकू लागतो तेव्हा

ताटात थापलेली चिक्की कोमट असताना हळूच वाकवली तर वाकते. पूर्ण गार झाली की कडकन मोडते. पदार्थ तोच, फरक तापमानाचा. जमिनीखालच्या खडकाचेही काहीसे असेच आहे.

भूगर्भातील उष्णतेपासून वीज मिळवायची तर तापलेला खडक, पाणी आणि ते पाणी खेळवणाऱ्या भेगा हव्यात. खोल जावे तसे तापमान वाढते. मग जितकी विहीर खोल तितकी वीज अधिक, असे तुम्हाला वाटेल. पण येथेच अडचण उभी राहते.

थंड खडक ठिसूळ असतो. ताण वाढला की तो तडकतो, भेगा उघड्या राहतात. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झचे स्फटिक मात्र ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या सुमारास वेगळे वागू लागतात. अणूंची कंपने वाढतात, जुने बंध तुटून शेजाऱ्याशी नवे जुळतात आणि अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. खडक वितळत नाही. घनरूपातच अतिशय सावकाश आकार बदलतो. या गुणाला तन्यता म्हणतात. तन्य खडकातील भेग वरच्या भाराने हळूहळू मिटते. उष्णता भरपूर, पण ती वर आणणाऱ्या पाण्याला वाटच नाही!

जपानमधील कक्कोंदा येथे १९९४-९५ मध्ये ३७२९ मीटर खोल विहीर खोदली गेली. सुमारे ३१०० मीटरनंतर तापमान झपाट्याने चढले आणि तळाशी ५०० अंशांच्या पलीकडे गेले. असे का? वरच्या भागात फिरते पाणी उष्णता वाहून नेते, म्हणजे अभिसरण होते. खाली भेगा नाहीत, तेव्हा उरते केवळ वहन. तेथील बारीक भूकंपही या सीमेच्या आसपास जवळजवळ थांबतात. कारण जो खडक तडकत नाही, तो हादरे तरी कसे देणार?

मग ३५० अंश ही कायमची लक्ष्मणरेषा समजायची का? नाही. आइसलंडमध्ये रेक्यानेस येथे २०१७ मध्ये ४६५९ मीटर खोलीवर ४२७ अंश तापमान मोजले गेले, तरीही तेथे पाणी शिरू देणाऱ्या भेगा आढळल्या. तो खडक आपल्या सह्याद्रीप्रमाणे बेसॉल्टच्या जातीचा. त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नसते, म्हणून तो अधिक तापमानापर्यंत ठिसूळ राहतो.

तेव्हा विहीर खोदण्यापूर्वी खडक किती तापला आहे, एवढेच विचारून भागत नाही. तो अजून तडकतो का, हेही विचारावे लागते.