घरची मोसंबी, कारखान्याची साखर : मार्मालेड घरच्या घरी



आमच्याकडून आपल्याला नेहमी उसाचीच चार अक्षरे वाचायला मिळतात. बेणे कोणते लावावे, तुटलेला ऊस किती वेळात गव्हाणीत पडावा, पाचट का जाळू नये, हेच आम्ही लिहीत आलो. या अंकात विषय थोडा वेगळा आहे, पण साखरेला सोडून नाही.

आडसाली लागणीच्या नोंदी तपासत फिरताना एका सभासदाच्या शेतात आम्ही थांबलो होतो. कडेला मोसंबीची बाग आणि बांधावर गळलेल्या फळांचा ढीग. वर मोठी, नितळ फळे व्यापाऱ्यासाठी राखलेली. लहान, डागाळ, वेडीवाकडी फळे खाली टाकलेली. आम्ही विचारले, ‘‘दादा, याचं काय करणार?’’ ते म्हणाले, ‘‘काय करायचं साहेब, जनावरंही दोन दिवसांनी तोंड लावत नाहीत.’’ शेजारी उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, ‘‘लोणचं घालून घालून किती घालायचं?’’

अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागात हे चित्र दर आंबे बहाराला दिसते. आपल्या जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या वाळलेल्या बागांवर लोकांनी जड हाताने कुऱ्हाड चालवली, हेही आपण विसरलेलो नाही. ज्या फळासाठी टँकरने पाणी आणले, त्यातले चांगले फळ केवळ आकाराने लहान म्हणून बांधावर कुजावे, हे मनाला पटत नाही. म्हणून आज मार्मालेडची माहिती देतो.

मार्मालेड म्हणजे काय?

लिंबूवर्गीय फळाच्या अर्कात साखर घालून आटवलेली आणि सालीचे बारीक काप असलेली घट्ट जेली, म्हणजे मार्मालेड. आपल्या मुरंब्याचे हे चुलत भावंड समजा. फरक इतकाच, की मुरंब्यात फळ पाकात मुरते आणि मार्मालेडमध्ये पाक स्वतःच थिजतो. हा शब्द मूळ पोर्तुगीज. तिकडे ‘मार्मेलो’ नावाचे सफरचंदासारखे दिसणारे एक तुरट फळ असते, त्याच्या वडीवरून हे नाव आले. पुढे स्कॉटलंडमधील डंडी गावात १७९७ साली केलर कुटुंबाने संत्र्याच्या मार्मालेडचा व्यवसाय सुरू केला आणि नाव संत्र्याला चिकटले. सफरचंदाचेही मार्मालेड करतात. पण सफरचंद आपण विकत आणणार, मोसंबी दारात आहे.

थिजते कशाने?

तीन गोष्टींनी : पेक्टिन, आम्ल आणि साखर. यांपैकी एक जरी कमी पडली, तरी पातेल्यात नुसता गोड पाक उरतो.

पेक्टिन मोसंबीच्या पांढऱ्या सालीत आणि बियांत भरपूर असते. बाजारात मिळणारे पेक्टिनसुद्धा लिंबूवर्गीय साली आणि सफरचंदाचा चोथा यांतूनच काढतात. म्हणजे रस काढून आपण जे फेकतो, तोच इथे खरा माल. फळ जास्त पिकले की पेक्टिन कमी होते. म्हणून नुकतीच रंगावर आलेली फळे उत्तम.

आम्लाच्या बाबतीत मात्र मोसंबी कमी पडते. तिच्या रसात आम्ल साधारण अर्धा टक्का, तर कागदी लिंबात सहा-सात टक्के. म्हणून लिंबाची जोड हवीच. इथे एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे मोसंबीची कलमे बहुधा रंगपूर किंवा जंबेरी खुंटावर बांधलेली असतात. वरचे कलम वाळले आणि खुंट फुटून वाढला, तर त्याला आंबट फळे लागतात. आपण त्यांना रानटी म्हणून हात लावत नाही. पण मार्मालेडसाठी रंगपूर लिंबासारखे फळ नाही. असे झाड बांधावर असेल, तर दोन भाग मोसंबीला एक भाग रंगपूर घ्या, कागदी लिंबाची गरज पडणार नाही.

राहिली साखर, ती आपल्याच घरची. साखर नुसती गोडीसाठी नाही, टिकण्यासाठी आहे. उसाचा रस अठरा-वीस ब्रिक्सचा असतो. सकाळी काढलेला संध्याकाळपर्यंत आंबतो. तोच आटवून काकवी केली, की बरणीत महिनोन्महिने राहते. मार्मालेडचेही तेच गणित आहे. शंभर भागांत पासष्ट किंवा अधिक भाग विद्राव्य घन झाले, की बुरशीला लागणारे मोकळे पाणी उरत नाही. तेव्हा ‘साखर कमी घालू, तब्येतीला बरे’ असे करू नका. कमी साखरेचे मार्मालेड आठवड्यात बुरसते. मधुमेह असलेल्यांनी मात्र हा पदार्थ जपूनच खावा.

फळ कसे निवडावे?

गळलेले प्रत्येक फळ चालत नाही, हे ठळकपणे सांगतो. रस शोषणाऱ्या पतंगाने छिद्र पाडलेले, मऊ पडलेले, देठाशी कुजलेले किंवा बुरशीचा वास येणारे फळ घेऊ नये. लहान आकार, वेडावाकडा घाट आणि सालीवरचा नुसता खरचटल्याचा डाग चालतो. फळ त्याच दिवशी पडलेले किंवा झाडावरून तोडलेले असावे. इथे साल खायची असल्याने, बागेत औषध फवारले असेल तर त्या औषधाचा काढणीपूर्व ठरलेला काळ उलटल्याशिवाय फळ वापरू नये. फळे भरपूर पाण्यात चोळून धुवावीत.

कृती

पहिल्यांदा एक किलोच मोसंबी घ्या, म्हणजे पाच-सहा फळे. सोबत चार कागदी लिंबे. पातेले स्टेनलेस स्टीलचे असावे. लोखंडाचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे नको, आम्लाने ते कळकते.

१. मोसंबीची वरची पिवळी साल धारदार सुरीने पातळ काढा. त्यातल्या तीन फळांच्या सालीचे काडेपेटीतल्या काडीइतके बारीक काप करा. हे काप पाण्यात दहा मिनिटे उकळा, पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात पुन्हा उकळा. असे दोन-तीनदा केले की कडूपणा जातो. काप नखाने सहज तुटेल इतका मऊ झाला पाहिजे.

२. उरलेली फळे पांढऱ्या सालीसकट आणि बियांसकट पातळ चिरा. लिंबेही चिरून घाला. बिया अख्ख्या राहू द्या; मिक्सरला लावल्या की कडवटपणा रसात उतरतो.

३. यात दोन लिटर पाणी घालून मंद आचेवर पाऊण ते एक तास शिजवा. मग श्रीखंडासाठी चक्का टांगतो, तसे स्वच्छ सुती फडक्यात बांधून रात्रभर टांगा. घाई करून पिळू नका, अर्क गढूळ होतो.

४. सकाळी अर्क मोजा. एक लिटर अर्क असेल तर एक किलो साखर. अर्क पातळ, पाण्यासारखा वाटला तर साखर घालण्याआधीच थोडा आटवून घ्या. मंद आचेवर साखर पूर्ण विरघळू द्या, मगच आच वाढवा. पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या फडक्याने पुसून आत घ्या.

५. खळखळून उकळू द्या आणि वरचा फेस काढत राहा. निम्मे आटल्यावर सालीचे शिजवलेले काप घाला.

६. झाले की नाही, हे असे ओळखा. थंड बशीवर एक थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि बोटाने हलकेच ढकला. वर सुरकुती पडली तर झाले. चमचा उंच धरल्यावर थेंब थेंब न पडता चादरीसारखे एकत्र पडले, तरी झाले.

ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी : पुस्तकात १०५ अंश सेल्सिअस लिहिलेले असते, ते समुद्रसपाटीचे. आपला जालना जिल्हा सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे पाणीच शंभरच्या दीड-दोन अंश आधी उकळते. म्हणून आधी नुसत्या उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून आकडा पाहा आणि त्यात पाच मिळवा. तो आपला आकडा. ऊस पक्व झाला का हे पाहायला आमचे कर्मचारी शेतात जो ब्रिक्स मीटर आणतात, तो मात्र इथे कामाचा नाही. त्याची पट्टी साधारण बत्तीसपर्यंतच असते आणि आपल्याला पासष्टच्या पुढे जायचे आहे.

७. आच बंद करून दहा मिनिटे थांबा, अधूनमधून ढवळा. लगेच भरले तर साल वर तरंगते. मग उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरा, झाकण लावा आणि पूर्ण थिजेपर्यंत हलवू नका. एक लिटर अर्काचे दीड ते पावणेदोन किलो मार्मालेड होते.

आमची फजिती

आम्ही पहिल्यांदा केले तेव्हा साल मऊ होण्याआधीच साखरेत टाकली. साखरेत पडलेली कच्ची साल नंतर कितीही शिजवा, मऊ होत नाही. ‘‘अहो, चपलेचा अंगठा परवडला,’’ असे आमच्या घरातून ऐकावे लागले. आमची पदविका शेतीची, स्वयंपाकाची नव्हे! दुसऱ्या खेपेला लिंबू वाचवले, तर महिन्याभराने बाटलीत साखरेचे खडे जमले.

खडे का जमले, हे कळले तेव्हा आमचे आम्हालाच हसू आले. ऊस तोडून शेतात पडला की त्यातली साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्याची पुन्हा दाणेदार साखर होत नाही, म्हणून उतारा घसरतो. शिळा ऊस आणू नका, असे आम्ही प्रत्येक सभेत ओरडून सांगतो ते यासाठीच. पण मार्मालेडमध्ये हेच फुटणे हवे असते. लिंबाचे आम्ल आणि उष्णता मिळून थोडी साखर फोडतात, म्हणून बाकीची दाणा न धरता मऊ राहते. गव्हाणीत जे नुकसान, तेच पातेल्यात कामाचे. लिंबू म्हणूनच टाळायचे नाही.

दोन गोष्टी स्पष्ट

उघडलेल्या बाटलीत कोरडा चमचा घाला. बुरशी दिसली तर वरची काढून खाली वापरू नका, सगळी बाटली फेका. विक्रीचा विचार असेल, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली आधी नोंदणी करावी लागते. लेबलवर मानांकनाचे नाव लावायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद लागते. बचत गटातील भगिनींनी घाई न करता आधी घरी चार खेपा करून पाहाव्यात. प्रत्यक्ष पाहून शिकायचे असेल त्यांनी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

आणि खरे तेच सांगतो : याने बागेचा खर्च निघणार नाही. फळगळ थांबवायची तर पाणी, खत आणि कीड यांकडेच लक्ष द्यावे लागेल. पण बांधावर कुजणाऱ्या पाच-दहा किलो फळांची, आपल्याच उसाच्या साखरेत, घरातल्या लेकरांना वर्षभर भाकरीशी खायची वस्तू होते. पुढच्या बहाराला ढिगाशेजारी उभे राहाल, तेव्हा फेकण्याआधी एक टोपली निवडून घरी न्या. पहिल्या खेपेला बिघडले, तर शेतकी विभागात येऊन सांगा. आमचेही दोनदा बिघडले आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी