धार लावण्याचा कृत्रिम दगड

बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा अधिक घातक असते. तिच्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की पाते घसरून बोटावर येते. तेव्हा दगडाची निवड ही केवळ हौशी कारागिराची बाब नव्हे.

जपानमध्ये क्योतो शहराजवळच्या डोंगरांतील नैसर्गिक दगड शतकानुशतके या कामासाठी नावाजलेले होते. परंतु एकाच खाणीतले दोन दगड क्वचितच सारखे निघत. ही अनिश्चितता कृत्रिम दगडाने दूर केली. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचिसन या अमेरिकन संशोधकाने चिकणमाती व कोक यांच्या मिश्रणातून प्रबळ विद्युत्प्रवाह सोडला असता त्याला सिलिकॉन कार्बाइडचे चकाकणारे स्फटिक मिळाले. दुसरा अपघर्षक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. तो बॉक्साइट विद्युत्भट्टीत वितळवून करतात. रासायनिक दृष्ट्या तो आपल्या परिचयाचा कुरुंदच होय.

दगडावरील अंक कणांची सूक्ष्मता दर्शवतो. अंक जितका मोठा तितका कण बारीक. जपानी कारागीर दगडांचे आराटो, नाकातो व शिआगेतो, म्हणजे भरड, मध्यम व अखेरचा, असे तीन वर्ग करतात. कोर उडालेल्या पात्यासाठी ४०० च्या आसपासचा भरड दगड लागतो, तर ३००० च्या पुढचे दगड धार गुळगुळीत करतात. घरगुती सुरीला मात्र १००० क्रमांकाचा एकच दगड बहुधा पुरतो. टोमॅटोची साल तर किंचित खरखरीत धारेनेच चांगली कापली जाते. आरशासारखी चकाकी हा पुष्कळदा मालकाचा अभिमान असतो, सुरीची गरज नव्हे. येथे एक सावधगिरी हवी. अंकांच्या पद्धती देशोदेशी भिन्न आहेत. जपानी १००० चा कण १० ते १५ मायक्रॉनांच्या दरम्यान असतो, तर युरोपीय एफ-१००० चा सुमारे ४.५ मायक्रॉनच.

ग्राहक अंक पाहतो, पण कणांना एकत्र धरणाऱ्या बंधाकडे त्याचे लक्ष जात नाही. खरी मेख येथेच आहे. बंध मऊ असेल तर झिजलेले कण गळून पडतात, खालचे ताजे कण वर येतात आणि दगड चपळाईने पोलाद कापतो. मात्र तो लवकर झिजतो. बंध कठीण असेल तर दगड टिकतो, परंतु कठीण पोलादावर त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन पाते नुसते घसरत राहते. म्हणून जपानी सुऱ्यांच्या कठीण पोलादाला मऊ बंधाचा दगड मानवतो. भट्टीत भाजलेले सच्छिद्र दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावेत. मॅग्नेशियाच्या बंधाचे दगड मात्र फार वेळ भिजवल्यास कमकुवत होतात व त्यांना भेगा पडतात. त्यांवर वापराच्या वेळी पाणी शिंपडले की पुरे. विकत घेताना दुकानदाराला बंधाविषयी अवश्य विचारावे. घासताना निघणारा राखाडी चिखलही धुऊन टाकू नये, त्यात कापणारे कण असतात.

व्हॅनेडियमचे प्रमाण मोठे असलेल्या पोलादांपुढे मात्र हे दोन्ही अपघर्षक अपुरे पडतात, कारण व्हॅनेडियम कार्बाइडचे कण कुरुंदाहून कठीण असतात. तेथे हिऱ्याच्या कणांची पट्टी वापरावी.

दगड कोणताही असो, वापराने तो मध्ये खोलगट होतो आणि अशा दगडावर पात्याचा कोन एकसारखा राहत नाही. पृष्ठभागावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा माराव्यात आणि काचेच्या सपाट तावदानावर ठेवलेल्या भरड पाणकागदावर दगड ओला करून घासावा. मधल्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासणे थांबवू नये.