म्हैस विकण्याआधी पोराला एवढे विचारा

मागे सोयाबीनच्या पाहणीला एका गावात गेलो होतो. पाहणी आटोपली, बांधावर चहा आला आणि शेतकऱ्याने खिशातून एक छापील कागद काढला. म्हणाला, "साहेब, फवारणीचं ऱ्हाऊ द्या, आधी हे वाचून सांगा. पोरगं कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला हाय. हे क्लासवाले म्हणत्यात, लाखभर रुपये भरा, नोकरी पक्की. दावणीची एक म्हैस काढावी म्हणतो."

कागद दोनदा वाचला. वर ठळक अक्षरात नोकरीची हमी, तळाला बारीक अक्षरात "मुलाखतीसाठी साहाय्य केले जाईल." बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचा म्हणून आम्ही तुमच्या मागे लागतो, ते याच कारणासाठी.

मी शेतकी पदविकावाला, कॉम्प्युटर हा माझा विषय नव्हे. पण पुतण्या याच शाखेतून शिकून कामाला लागला, त्याची धडपड जवळून पाहिली. बांधावर बसून जे सांगितले तेच इथे लिहितो.

पदविकेला असताना पाभरीची आकृती काढून मी दहापैकी नऊ गुण घेतले होते. नंतर खरी पाभर हातात आली तेव्हा तास असे वाकडे गेले की गडीमाणसे आठवडाभर हसत होती. कॉम्प्युटरचेही असेच आहे. कंपनीवाले बहुतेक ठिकाणी आधी गणित आणि तर्काची चाचणी घेतात, मग प्रोग्राम लिहायला लावतात आणि शेवटी समोर बसवून विचारतात. पाठ केलेले तिथे उघडे पडते.

विचारतात तरी काय? चावडीवरचे उदाहरण घ्या. हजार खातेदारांची यादी आहे. नावे कशीही लिहिलेली असली तर एक नाव शोधायला हजारही ओळी चाळाव्या लागतील. तीच यादी अकारविल्हे असेल तर मधोमध उघडायची, आपले नाव अलीकडे की पलीकडे ते बघायचे आणि उरलेली निम्मी सोडून द्यायची. असे फार तर दहा वेळा केले की नाव सापडते. दहा लाख नावे असली तरी वीस वेळांत काम होते! माहिती कशी रचायची आणि कोणत्या रीतीने शोधायची, या विद्येला डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम म्हणतात. ही पक्की हवी. जोडीला डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क. भाषा सी, जावा, पायथॉन यांपैकी कोणतीही चालेल, पण एकीवर हात बसेपर्यंत दुसरीकडे धावू नये.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. पुष्कळ मुले तो चक्क विकत आणतात, आणि आईबापांना वाटते पोरगं रात्र-रात्र जागतंय. पुतण्याने गावच्या दूध संस्थेचा हिशेब घेतला. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दर आणि दहा दिवसांचे बिल. पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. एकाच नावाचे दोन सभासद निघाले आणि दोघांचे दूध एका खात्यावर चढले. सचिव असे भडकले की विचारू नका. मग पठ्ठ्याने नाव सोडून सभासद क्रमांक धरला. पुढे पहिल्या दोन कंपन्यांनी त्याला परत पाठवले. तिसरीत याच घोळावर बराच वेळ प्रश्न झाले आणि निवड झाली. असे काम गिटहब नावाच्या ठिकाणी ठेवतात. खाते फुकट उघडते, आणि कोणत्या तारखेला काय केले ते समोरच्याला दिसते.

शिकण्यासाठी लाख रुपये लागतातच असे नाही. आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलचे कित्येक पाठ मराठीतही आहेत. इंग्रजीची धास्ती असलेल्याने तिथून सुरुवात करावी, मात्र इंग्रजी वाचणे टाळून चालणार नाही. पदवीनंतर पुढे शिकायचेच असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा सुमारे सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. त्याला फी आहे, पण सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नुसते पैसे भरून जागा मिळत नाही.

एक कटू गोष्टही सांगतो. या नोकऱ्यांचा भरवसा पावसासारखाच आहे. २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी भरमसाट भरती केली, आणि २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या तिन्ही मोठ्या कंपन्यांची माणसे वर्षअखेर कमी झालेली होती. त्यात २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आता यंत्रच प्रोग्राम लिहून देते. पण ते चुकतेही, आणि चूक पकडायला स्वतःला यावे लागते. म्हणून एका कंपनीवर डोळा ठेवून बसू नये. सरकारी भरती, बँका, शिकाऊ उमेदवारी, सगळीकडे अर्ज टाकावेत. शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन थोडे असते, पण हाताला वळण लागते.

"पर साहेब, मला त्यातलं काय कळतंय? पोरगं शिकतंय का नाय, ओळखू कसं?" शेतकऱ्याचा हा प्रश्न खरा होता. मी म्हटले, महिन्यातून एकदा विचारा, "या महिन्यात स्वतःच्या हाताने काय केलंस, दाखव. आणि मला कळेल असं सांग." पोरगं चिडेल, "तुम्हाला नाही कळणार" म्हणेल. तरी विचारा. दोन-तीन महिने दाखवण्यासारखे काहीच निघाले नाही, तर क्लास लावूनही फारसे हाती लागणार नाही, असे समजावे. आणि दाखवण्यासारखे निघाले, तर म्हैस विकून क्लास लावायची गरज उरतेच कुठे?

जाता जाता एक इशारा. निवड झाली, आता अनामत म्हणून, लॅपटॉपसाठी किंवा प्रशिक्षणासाठी अमुक रक्कम भरा, असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नये. चांगली कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लाज न धरता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. उशीर झाला की पैसे अडवणे अवघड होते.