डीएल पासिंगची व्हीटेक

होंडा सिटी 1.5 व्हीटेक ही दिल्लीच्या कुशीतल्या ग्रेटर नोएडात बनलेली पेट्रोल सेडान. ती 2000 च्या सुमारास आली आणि 2003 च्या अखेरीस तिची पिढीच बंद झाली. दीड लिटरचे इंजिन, 106 अश्वशक्ती आणि वजन साधारण एक टन. नोकरदार कुटुंबाला कर्ज काढून घेता येईल अशा गाड्यांत त्या काळी इतकी चपळ गाडी शोधून सापडली नसती. तरीही बहुतेकांनी ती घेतली ती न कुरकुरणारी, एसी गार करणारी घरची गाडी म्हणूनच.

होंडाने दिल्लीच्या श्रीराम घराण्यातील सिएल या कंपनीशी भागीदारी करून डिसेंबर 1995 मध्ये होंडा सिएल कार्स इंडिया स्थापन केली. सूरजपूर-कासना रस्त्यावर कारखाना उभा राहिला. त्याची सुरुवातीची क्षमता वर्षाला 30,000 गाड्यांची होती. पहिली सिटी जानेवारी 1998 मध्ये बाजारात आली. आग्नेय आशिया डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या या गाडीचा सांगाडा 1987 च्या सिव्हिकवरून घेतलेला होता. सांगाडा जुना असला तरी तो हलका आणि बुटका होता, आणि वेगात वळण घेताना गाडी रस्ता सोडत नसे ती त्यामुळेच. बुटकेपणाची किंमतही होती: मागे तिघे बसले की गतिरोधकावर पोट घासलेच म्हणून समजावे.

त्या दिवसांत दिल्लीची हवा न्यायालयापर्यंत पोचली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या आदेशानुसार राजधानी क्षेत्रात 1 एप्रिल 2000 पासून नोंदवल्या जाणाऱ्या नव्या खासगी मोटारींना युरो-2 मानक लागू झाले. कार्ब्युरेटरच्या गाड्या मागे पडल्या आणि इंजेक्शनच्या इंजिनांमध्ये चुरस लागली. गुडगावच्या मारुतीची 1.6 लिटरची बलेनो आणि चेन्नईची फोर्ड आयकॉन 1.6 या दोघीही नव्वदीच्या घरातली अश्वशक्ती देत. शंभरी ओलांडली ती सिटीने.

व्हीटेक ही करामत होंडाचे अभियंते इकुओ काजितानी यांच्या नावावर आहे. 1989 च्या इंटेग्रात ती प्रथम आली. अडचण जुनीच होती. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यांच्या आकारावर ठरते. उंचवटा छोटा ठेवला तर गाडी गर्दीत गोडीने चालते, पण जोरात पळवताना तिचा दम कोंडतो. मोठा ठेवला तर पळते झकास, पण सिग्नलला थरथरते आणि पेट्रोल पिते. व्हीटेकमध्ये हे दोन्ही आकार एकाच कॅमशाफ्टवर शेजारी-शेजारी असतात. प्रत्येक सिलिंडरच्या दोन इनटेक व्हॉल्व्हसाठी तीन रॉकर असतात. कडेचे दोन छोट्या उंचवट्यांवर फिरतात. मधला मोठ्यावर फिरतो, पण एरवी तो मोकळाच हलतो, त्याचा व्हॉल्व्हशी संबंध नसतो. फेऱ्या वाढल्या की संगणक एक सोलेनॉइड उघडतो, इंजिनऑइलचा दाब रॉकरमधल्या खिळीवर येतो, खिळी सरकते आणि तिन्ही रॉकर एक होतात. त्या क्षणापासून व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्याच्या हुकमाखाली जातात. काटा पाच हजारांच्या आसपास आला की आवाज बदलतो, भरडा होतो, आणि संपत आली असे वाटणारी ओढ नव्याने सुरू होते.

गाडीची कदर का झाली नाही, याचे एक कारण याच गुणात आहे. शोरूममधल्या कागदावर साधी 1.5 सिटी 100 अश्वशक्तीची, व्हीटेक 106 ची. सहा घोड्यांसाठी जादा पैसे कोण मोजणार? फरक होता तो घोडे कुठे जागे होतात यात, आणि तो लाजपतनगरच्या गर्दीत तिसऱ्या गिअरवर कधीच कळत नाही. तो रॅलीवाल्यांना कळला. त्यांनी ही गाडी आपलीशी केली. कंपनीने मात्र 2003 च्या शेवटी वेगळी वाट धरली. नव्या, उंच सिटीत आधी 77 अश्वशक्तीचे इंजिन आले: प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, नजर मायलेजवर. ती तुफान खपली. त्या पिढीतही पुढे व्हीटेक आली, पण शांत स्वभावाची.

आज जुनी व्हीटेक पाहायला जाणाऱ्याने रंगापेक्षा ऑइल आधी पाहावे. सोलेनॉइडखाली एक बारीक जाळी असते. ऑइल वेळेवर बदलले नाही तर तीत गाळ बसतो, दाब पोचत नाही, आणि खिळी सरकतच नाही. गाडी बंद पडत नाही, धूरही काढत नाही, नुसती साध्या सिटीसारखी चालत राहते. कित्येक मालकांनी या अवस्थेत वर्षे काढली असतील. टॅपेटचे, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटीचेही तसेच. जाणता मिस्त्री इंजिन पूर्ण थंड होऊ देतो, कव्हर उतरवतो आणि फीलर गेजची पाती रॉकर व व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवतो. इनटेकची फट मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, एक्झॉस्टची किंचित जास्त. पाती अडकूही नये आणि सैलही जाऊ नये. लोण्यातून सुरी ओढावी तसा हलका विरोध हाताला जाणवला की नट आवळायचा. कॅमशाफ्ट पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागितलीच पाहिजे.

जिथे ही गाडी जन्मली तिथे आता तिला थारा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर 2014 मध्ये पंधरा वर्षांवरील वाहनांना दिल्लीत मनाई केली. संपूर्ण राजधानी क्षेत्रात पेट्रोलसाठी पंधरा आणि डिझेलसाठी दहा वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये कायम केली. अखेरच्या व्हीटेकनेही त्याच वर्षी पंधरी गाठली. ग्रेटर नोएडातील मोटारनिर्मिती डिसेंबर 2020 मध्ये थांबली आणि काम राजस्थानातील टपुकडा येथे गेले. हवेच्या बाबतीत दिल्लीची तक्रार खरीच आहे. पण युरो-2 च्या काळातली, जपून वापरलेली गाडी नुसत्या वयावर मोडीत निघते याची हळहळ वाटतेच.

उरला मार्ग नाहरकत दाखल्याचा. दाखला मिळाला की डीएल किंवा यूपी-16 पाटीची गाडी मुदतीचे बंधन नसलेल्या भागात नेता येते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर योग्यता तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आरटीओत निरीक्षक चासी क्रमांक पडताळतो. त्याआधी मालक कागद धरून त्यावरून पेन्सिल घासतो आणि उठलेला ठसा अर्जाला जोडतो. वीस वर्षांवरील मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये झाले. सगळ्याच व्हीटेक आता त्या गटात मोडतात.